ओल्या फडक्यातलं चीज

लग्नानंतर तेवीस दिवसांनी माझे यजमान विलायतेला गेले. जनावरांचे डॉक्टर होते ते. जबलपूरला शिकून सरकारी नोकरीत लागलेले, आणि दहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी खात्याने त्यांची निवड केलेली. ते तेवीस दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आमचं बोलणं झालं ते पंचा कुठे आहे, पाणी गार आहे की नाही, एवढ्यापुरतं. मलकापूर स्टेशनवर त्यांना पोचवायला घरातले सगळे पुरुष गेले. नव्या सुनेनं स्टेशनावर जायचं नसतं, असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी मागच्या दारी भांडी घासत बसले. गाडीची वेळ मला माहीत होती. आमच्या खेड्यापर्यंत शिट्टी ऐकू येत नाही, तरी मी ऐकायचा प्रयत्न केला.

माझं माहेर बुलढाण्याचं. वडील कोर्टात कारकून होते. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे सासरी घरातली पत्रं मीच वाचून दाखवायची. यांची पत्रं मामंजींच्या नावे यायची. बर्फ, गाई, गवत, दूध काढायची यंत्रं, असं सगळं असायचं. शेवटी ‘सर्वांना यथायोग्य’. मी मोठ्यानं वाचायची आणि ‘सर्वांना’ या शब्दापाशी थोडी थांबायची. त्यात मी असणारच, असं स्वतःला सांगायची.

फाल्गुनात ते परत आले. अंगानं भरले होते, रंग उजळला होता आणि बोलणं आणखी कमी झालं होतं. ट्रंक उघडली तेव्हा सगळं घर भोवती जमलं. स्वेटर निघाले, पुस्तकं निघाली, लाकडी मुठीची एक पातळ सुरी निघाली आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड निघालं. धान्य मोजायच्या अधोलीएवढं, गोल, वरून कापड आणि कापडावर पिवळट मेण.

“हे काय होय?” सासूबाईंनी विचारलं.

“चीज. दुधाचंच असतं. न कापता ठेवलं तर वर्षभर टिकतं.”

“म्हणजे खव्यावाणी?”

“खव्यासारखं नाही. दूध फाडतात, मग दाबून पाणी काढतात.”

“फाडतेत कायनं? लिंबानं?”

हो म्हणाले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, “वासराच्या पोटातल्या रसानं.”

सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळू आवाजात विचारलं, “जित्या वासराच्या?”

“नाही.”

त्या उठल्या आणि हात धुऊन आल्या. “गोठ्यात नेऊन ठेव,” म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. “गोठ्यातही नको. गाय उभी असते तिथं.” शेवटी बैलबंडी ठेवायच्या छपरात, आढ्याला टोपलं टांगून त्यात ते ठेवलं गेलं. ट्रंकेवर गोमूत्र शिंपडलं. यजमान पुस्तकं आवरत राहिले. रागावले होते की लाजले होते, ते मला कळलं नाही. त्यांचा चेहरा वाचायची सवय मला कुठे होती?

चैत्रात त्यांची नेमणूक जळगाव जामोदला झाली आणि मला बरोबर न्यायचं ठरलं. आमच्या सामानात ते टोपलंही आलं.

जनावरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या होत्या. वर टिनाचं छप्पर, पुढे पडवी, अंगणात एक कडुनिंब आणि जनावरं बांधून तपासायचा लाकडी खोडा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पण दवाखान्याच्या पाटीवर अजून ‘मुंबई राज्य’ होतं. उत्तरेला सातपुडा दिसायचा, सकाळी निळा आणि दुपारी धुरकट. डोंगराखालच्या गावांमध्ये यांचे दौरे असत. सोमवारी निघायचे ते गुरुवारी, कधी शुक्रवारी परतायचे. बरोबर दवाखान्यातला ड्रेसर जायचा. मागे मी उरायची, आणि सकाळी बंद दवाखान्यापुढे येऊन थांबणारे एखाद-दोन शेतकरी. “डॉक्टरसायेब नाईत काय?” ते विचारत. “नाहीत,” मी सांगायची. पुष्कळ दिवस असे गेले की दिवसभरात माझ्या तोंडून तेवढा एकच शब्द निघाला.

तिथं गेल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी पडवीत बसून ते चीज कापलं. मी दारात उभी होते. आतून ते हळदीच्या फिक्या रंगाचं होतं आणि वास आला तो जुन्या लोण्याचा, थोडा ओल्या भिंतीसारखा. कागदाएवढी पातळ चकती कापून त्यांनी तोंडात घातली आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता याची काळजी घ्यावी लागेल. मेण होतं तोवर काही भीती नव्हती. कापलं की हवा लागते, कडा सुकतात. थंड जागा पाहिजे, थोडी ओल पाहिजे. पण घट्ट डब्यात बंद करू नको, गुदमरतं.”

“गुदमरतं म्हणजे?”

“जिवंत असतं ते.”

इतकी वाक्यं ते माझ्याशी सलग कधी बोलले नव्हते. मी मनातल्या मनात ती पाठ करून ठेवली.

स्वयंपाकघरात ते न्यायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. मी स्वतः त्याला हात लावला की हात धुवायची, त्याचं फडकं वेगळं ठेवायची. पण ते खराब होऊ द्यायचं नाही हेही मी ठरवलं होतं. एवढी एकच तर गोष्ट त्यांनी मला सोपवली होती. पडवीच्या कोपऱ्यात, जिथं दिवसभर ऊन पोचत नाही, तिथं मी विटांचा चौकोन केला आणि नदीची वाळू भरली. त्यात गळ्यापर्यंत एक मडकं पुरलं. चीज जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आत ठेवलं, तोंडावर बांबूची टोपली, टोपलीवर ओलं पोतं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. बाहेर टीन तापून कडकड वाजायचं, पण मडक्यात हात घातला की बोटं गार व्हायची. भर दुपारी मी उगाच जाऊन हात घालून बघायची.

ड्रेसरची बायको पलीकडच्या खोलीत राहायची. पन्नाशीची असेल. मी तिला मावशी म्हणायची. तिचा नवराही दौऱ्यावरच, मुली लग्न होऊन गेलेल्या. दुपारी ती माझ्या पडवीत येऊन वाती वळत बसायची. एक दिवस मी फडकं पिळत असताना तिनं विचारलं, “काय करून राह्यली वं? रोज पायतो मी, त्या मडक्याची सेवा चालू असते तुही.”

“यांचं चीज आहे, मावशी.”

“चीज तं आहे, पण कायची चीज?”

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी हसले असेन. “परदेशातला खवा समज,” मी म्हटलं. आणि ते म्हणताना आत कुठेतरी टोचलं.

ती वाकून बघायला लागली. मी घाईनं म्हटलं, “हात नको लावू, मीच दाखवते.” फडकं बघून तिनं मान हलवली. तिच्या माहेरी पानमळा होता. विड्याची पानं टोपलीत भरून, ओल्या फडक्यात झाकून महिनाभर ताजी ठेवायची, हे तिनं लहानपणापासून केलेलं. म्हणाली, “इतलं वलं नको करू. पानाले वल पायजे, पाणी नाई. फडकं पिळून झाडाले टांग. हाताले गार लागलं पायजे, पण बोट वलं झालं नाई पायजे, तवा झाक. आन रोज उलटं करत जाजो. एकाच बाजूनं ठेवलं का खालून सडते.”

मी तसं करायला लागले. रोज सकाळी त्याची बाजू उलटायची, फडकं बदलायचं, कापलेल्या तोंडाला तुपाचं बोट फिरवायचं. हे तुपाचं मी माझ्याच अकलेनं केलं, कारण कणकेचा गोळा सुकू नये म्हणून आई तसं करायची. कडा सुकायच्या थांबल्या. यजमान दौऱ्यावरून यायचे, जेवायचे, मग पडवीत बसून ती चकती कापायचे. मी आतून बघायची. त्यांना त्या वेळी कुठलं घर आठवत असेल, कुठली माणसं, मी विचारलं नाही. विचारायचं कसं तेच माहीत नव्हतं. पातळ चकती खायला किती वेळ लागतो, पण ते बराच वेळ बसून राहायचे.

वैशाखाच्या सुरुवातीला एका दुपारी मावशी म्हणाली, “इतली सेवा करतं तू, म्या पानाची जुगत सांगतली. मले चाखू तं दे एक डाव. हरबऱ्याएवढं दे.”

मावशी सोमवार करायची, चतुर्थी करायची. गाईला पहिला घास दिल्याशिवाय जेवत नसे. तिला ते देणं म्हणजे फसवणं. आणि खरं सांगावं, तर गावभर व्हायला वेळ लागला नसता की जनावरांचा डॉक्टर असलं काही खातो. मग डोंगराखालचे लोक आपल्या गाईला हात लावू देतील का? हे सगळं एका क्षणात माझ्या मनात आलं आणि तोंडून निघालं ते भलतंच.

“नको मावशी. यांचं आहे ते. मोजून ठेवलंय.”

“मोजून?” तिनं विचारलं.

मी खाली बघितलं.

तिनं वाती डबीत भरल्या, डबीचं झाकण लावलं. “ठेव बाई. मोजून ठेव,” म्हणाली आणि उठून गेली. रागानं नाही. रागानं गेली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी पाट टाकून ठेवला. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या दाराशी गेले, तर म्हणाली, “काम हाय बाई मले,” आणि सूप घेऊन पाठमोरी बसली.

त्याच आठवड्यात डोंगराकडच्या गावांमध्ये जनावरांना बुळकांडी लागली. तोंड येतं, हगवण लागते आणि चार-पाच दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे होतात. यजमान लशीच्या पेट्या घेऊन गेले ते आठवड्यानं आले नाहीत, दोन आठवड्यांनी आले नाहीत. एकदा एका गाडीवानाबरोबर निरोप आला की धुतलेले दोन शर्ट द्या. मी शर्ट दिले. बरोबर चिठ्ठी लिहावी असं वाटलं. कागद घेऊन बसले, पण ‘सौ.’ची नवऱ्याला चिठ्ठी म्हणजे तिच्यात काय लिहायचं असतं? शेवटी नुसते शर्टच गेले.

पलीकडे मावशीचं दार लोटलेलं. रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा नाही. मी त्या दिवसांत मडक्याशी फार वेळ घालवायला लागले. फडकं सुकलं की काय, अशी सारखी धास्ती. एकदाच्या जागी पाच-सहादा भिजवायची. मावशीनं सांगितलेलं कळत होतं, पण दुसरं काही करायलाच नव्हतं. आणि एक दिवस सकाळी उलटायला घेतलं, तर खालच्या बाजूला हिरवा-निळा बुरा आलेला. हाताच्या पंज्याएवढा. दुसऱ्या कडेनं तूप सुटल्यासारखा ओघळ.

मी पडवीत बसले आणि रडले. चीजासाठी रडले असं म्हणवत नाही. पण रडले एवढं खरं.

मावशीला विचारायची सोय नव्हती. यांना कळवायचं कुठल्या तोंडानं? तेव्हा मला त्यांच्या वहीत ठेवलेलं एक पाकीट आठवलं. विलायतेत यजमान ज्या शेतावर राहिले होते तिथल्या म्हातारीचं होतं, मागे पत्ता होता; चीजही तिच्याकडचंच असणार, असं मी धरलं. मी वही उघडली. त्यांना न विचारता त्यांच्या वस्तूला हात लावायची माझी ती पहिली वेळ. शाळेतला इंग्रजी शब्दकोश माझ्याकडे होता. दोन दुपारी खपून मी सात-आठ वाक्यं लिहिली. मी अमक्यांची बायको. तुमचं चीज मी वाळूत पुरलेल्या मडक्यात, ओल्या फडक्यात ठेवते. इथे फार ऊन आहे. ते आता हिरवं झालं आहे. ते मेलं का? हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा तसंच लिहिलं, कारण मला तेच विचारायचं होतं.

पोस्टात हवाई पत्र घ्यायला गेले. पोस्टमास्तरांनी पत्ता वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. “डॉक्टरसाहेबांचं होय?” मी हो म्हटलं.

उत्तर येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. घरी येऊन मी त्यांची सुरी उकळत्या पाण्यात धुतली, पदर खोचला आणि बुरा लागलेला भाग बोटभर खोलीपर्यंत कापून टाकला. आत ते स्वच्छ होतं. मग मिठाच्या पाण्यात फडकं उकळलं, पिळून सावलीत टांगलं आणि नुसतं गार लागेपर्यंत वाट बघितली. मडकं वाळूतून काढून उन्हात तापवलं, पुन्हा पुरलं. तेव्हापासून पाणी वाळूलाच घातलं, फडक्याला नाही. चार दिवसांनी बघितलं, आठ दिवसांनी बघितलं. बुरा परत आला नाही.

यजमान आले तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. किती जनावरं गेली, मी विचारलं. त्यांनी हातानंच नको असं केलं. जेवले नाहीत, झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी चीज काढलं, उलटसुलट करून पाहिलं. एक बाजू खरवडलेली त्यांना दिसली असणार. म्हणाले, “छान ठेवलंस.” मी पत्राचं काही बोलले नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी उत्तर आलं. पोस्टमननं ते दवाखान्यात नेऊन दिलं. यांनी ते न फोडता आणून माझ्या हातात दिलं. “तुझं आहे,” म्हणाले. पाकिटावरचं अक्षर त्यांनी ओळखलं होतं. थोडे थांबले, आणि मग दवाखान्यात कुणाची तरी म्हैस उभी होती म्हणून निघून गेले.

मी पुन्हा शब्दकोश घेऊन बसले. म्हातारीनं मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं होतं, मला वाचता यावं म्हणून असेल. हिरवं झालं म्हणून मरत नाही, लिहिलं होतं. बोटभर कापून टाक, मीठ लाव, फडकं कोरडं होऊ दे. मी जे केलं होतं तेच. मडक्याचं वाचून तिला फार बरं वाटलं होतं. तिच्या तळघरात चाळीस चीजं फळ्यांवर असतात, रोज उलटावी लागतात, आणि तिची बोटं सुजलेली असतात. मग पुढे लिहिलं होतं की तुझा नवरा रोज संध्याकाळी तळघरात येऊन ती सगळी उलटून द्यायचा. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरातले बाकीचे लोक वर शेकोटीशी असायचे, हा खाली थंडीत. बोलायचा नाही. एकदा मी विचारलं, घरी कोण कोण आहे? म्हणाला, बायको आहे. मी विचारलं, कशी आहे? तेव्हा पुष्कळ विचार करून म्हणाला, मला माहीत नाही. त्यानंतर तोंड फिरवून तो बराच वेळ उभा राहिला, आणि मी वर निघून आले.

पत्राच्या शेवटी होतं: ते चीज मी तुझ्यासाठी दिलं होतं. तुला आवडलं का, ते त्यानं कळवलं नाही. म्हणून तू कळव.

ही ओळ मी शब्दकोशाशिवाय वाचू शकत होते. तरी प्रत्येक शब्द काढून बघितला.

संध्याकाळी मी पत्र त्यांच्या पुढे ठेवलं. दारात उभं राहून, उजेडाकडे तोंड करून त्यांनी वाचलं. दोन पानं वाचायला इतका वेळ लागत नाही.

“इंग्रजीत पत्र लिहिलंस तू?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हो. चुका असतील.”

“असू देत.”

“ते माझ्यासाठी होतं?”

ते पडवीच्या कडेला बसले. “ट्रंकेतून काढून तुलाच देणार होतो. पण आईनं विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. मग कसं देणार? तुला धर्मसंकटात कशाला टाकायचं?”

“मला विचारायचं तरी.”

थोड्या वेळानं मीच मडक्यातून चीज काढून आणलं, सुरी आणली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नखाएवढा तुकडा कापून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तोंडात घातला. खारट लागला, जिभेला थोडं चरचरलं. गिळताना मला सासूबाई आठवल्या, आईही आठवली.

“कसं लागलं?”

“खारट आहे.”

“हो,” ते म्हणाले, “खारटच असतं.”

मला वाटलं होतं त्या संध्याकाळी ते आणखी बोलतील. त्यांनाही बहुतेक बोलायचं असावं, कारण दोनदा त्यांनी घसा साफ केला. पण मग दवाखान्याच्या फाटकाशी कुणीतरी हाक मारली, आणि सोमवारी ते दौऱ्यावर गेले.

आता माझ्यापाशी दोन गोष्टी झाल्या होत्या, एक मावशीला सांगितली नव्हती ती आणि एक मी केली होती ती. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी तिच्या दाराशी गेले. ती गहू निवडत होती. मी उंबऱ्याबाहेरच बसले आणि सगळं सांगितलं. ते कशानं फाडतात, मी तिला का दिलं नाही, मी स्वतः खाल्लं तेही.

तिचे हात थांबले होते. बाहेर पागोळ्या पडत होत्या. मग ती म्हणाली, “नाई देल्लं ते बरं केलं.”

“हो.”

“पण सांगायले पायजे होतं वं. म्या तीन महिने समजून राह्यली का तू मले हलकी समजते.”

“कुणाला सांगशील अशी भीती वाटली.”

“मी कायले सांगू?” तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. “तुह्यं-माह्यं दोघीचंच तं होतं दुपारचं बसणं.”

तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. रस्त्यात भेटली की बोलायची, सणाला वाटीभर काही पाठवायची. पण माझ्या पडवीत मात्र ती परत आली नाही, आणि माझ्या घरचं पाणीही प्यायली नाही. मी एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाली, “आज उपास हाय.” त्या दिवशी कुठलाही उपास नव्हता. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं बहुतेक.

श्रावणातली दमट हवा चीजाला मानवली नाही. वाळू कोरडी ठेवली, फडकं निखाऱ्याच्या उबेवर सुकवून बघितलं, तरी वरून चिकट होत गेलं. शेवटचा तुकडा मूठभर राहिला होता. यांनी वास घेऊन बघितला आणि म्हणाले, “आता टाकून दे.” मी तो कडुनिंबाखाली पुरला. मडकं पुढे ताकासाठीसुद्धा वापरता आलं नाही, कुंडी केली त्याची.

म्हातारीला मी लिहिलं. आवडलं, असं लिहिलं. ते खोटं होतं, पण आणखी काय लिहिणार? तिचं उत्तर आलं, मी पुन्हा लिहिलं. वर्षाला तीन-चार पत्रं व्हायची. तिच्या बोटांचं दुखणं, तिच्याकडचा बर्फ. माझ्याकडून लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत कसं ठेवतात, बाळंतपण, मेहकरला झालेली बदली. तिला मी कधी पाहिलं नाही. पण दिवसभरात काही झालं की हे तिला लिहायचं, असं मनात यायचं. माझं इंग्रजी सुधारलं. घरात मात्र मराठीत बोलायला माणूस आठवड्यातून तीनच दिवस असायचा.

मेहकरला असतानाच माझं एक पत्र परत आलं. पाकिटावर तिकडच्या पोस्टाचा शिक्का होता आणि शिक्क्याशेजारी पेन्सिलीनं कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की या बाई वारल्या. मी ते पाकीट फोडलं नाही. आतलं मला माहीतच होतं. मुलाला दात येतायत, असं काहीतरी.

यजमान दवाखान्यातून आले तेव्हा मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पेन्सिलीची अक्षरं वाचली, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. मग सांगायला लागले. तळघराच्या पायऱ्या अकरा होत्या. खाली उतरताना डोकं वाकवावं लागायचं. फळ्या ओकच्या होत्या आणि रोज मिठाच्या पाण्यानं पुसायच्या. बोटं इतकी बधिर व्हायची की वर आल्यावर चहाचा कप धरता यायचा नाही, तेव्हा ती म्हातारी कप तिच्या हातांनी धरून त्यांच्या तोंडाला लावायची. आणि हसायची, कारण तिचे हातही थरथरत असायचे.

अर्धा तास बोलत होते. मी मध्ये एकदाही बोलले नाही, बोलले तर थांबतील असं वाटलं. बोलून झाल्यावर त्यांनी पाकीट मला परत दिलं आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा लोणारकडे दौरा होता. मी पहाटे उठून डबा भरून दिला.